चालणारा बैल

ओल्या काळ्या मातीचा वास आला की माझ्या हातांना चैन पडत नाही.

माझी लेक शोभा आठ वर्षांची होती. पोळ्याला तिने मातीचे पाच बैल केले. माती तडकू नये म्हणून तिच्यात कापूस घालून मीच मळून दिली होती. पाटावर पाहिलं, तर प्रत्येक बैलाचा पुढचा पाय आधीच्यापेक्षा थोडा वर. पोरीला पाय जमले नाहीत असं वाटून मी बोटं ओली करून सगळे सरळ केले.

ती आली आणि रडायलाच लागली. "माय, काऊन सरळ केले? एकच बैल होता तो, चालून राहिला होता!"

"अवं, लंगडा बैल कोनी पुजते का?" मी हसले. तिने पाचही बैल मोडून गोळा केला.

आता ती चित्रं काढते, मूर्ती घडवते, मातीच्या प्राण्यांचे एकामागून एक फोटो काढून त्यांना पडद्यावर चालवते. काल प्रदर्शनासाठी अकोल्याला जाताना नव्याने केलेल्या ओल्या मातीच्या बैलांची रांग दाखवून म्हणाली, "माय, शेवटच्याचा पाय तू उचलून ठेव."

तिला तो पोळा आठवतो का, हे विचारायचा धीर झाला नाही. माती वाळू नये म्हणून सकाळपासून त्या शेवटच्या बैलावरचं फडकं मी तीनदा ओलं केलं. त्याचे चारही पाय अजून जमिनीवरच आहेत.