व्याह्यांचं ताट

धाकट्या मुलीचे सासरे इंग्लंडहून लखनौला येणार हे ठरलं, तेव्हा मी बैठकीच्या खोलीला नवा रंग लावून घेतला. थोरलीचे सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा पंख्याची पातीसुद्धा पुसली नव्हती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी मी त्याला काहीतरी कारण शोधून काढलं असतं.

धाकटीचं लग्न तिकडेच नोंदणी पद्धतीने झालं. आम्हाला व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून ते आम्ही फोनवर पाहिलं, आणि व्याहीभेट राहूनच गेली. या जूनमध्ये जावयाला ऐनवेळी रजा मिळेना, तेव्हा ती सासऱ्यांनाच घेऊन आली. त्यांचा व्हिसा घरबसल्या झाला होता. मला त्याचा थोडा तरी राग यायला हवा होता. मला आनंदच झाला होता.

व्याही विधुर. आयुष्यभर त्यांच्या गावात सिटी बस चालवून निवृत्त झालेले. अंगाने मोठे, स्वभावाने संकोची, उन्हात पाऊल टाकलं की मानेपर्यंत लाल होणारे. येण्याआधी त्यांनी इंग्रजांच्या इथल्या कारभारावर एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं. चारबाग स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत प्रत्येक जुनी इमारत ते अशा नजरेने बघत होते, जणू तिचं जे काही पडलंझडलंय ते त्यांच्या आजोबांनीच पाडलंय. आजोबा म्हणे बुटांच्या कारखान्यात तळ शिवायचे.

मी मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याला आग्रह करायचा असतो, आणि व्याह्याने नको नको म्हणायचं असतं. दोघांनाही आपापलं काम माहीत असतं, त्यामुळे कोणाचं पोट बिघडत नाही. इथे मी आग्रह करत राहिलो आणि समोरून नको आलंच नाही. बायकोने श्रीखंड-पुरी केली, अळूवड्या केल्या. मी व्याह्यांच्या ताटामागे उभा राहून वाढत राहिलो. ते माझ्याकडे बघून थँक यू म्हणत आणि खात. मला वाटे, माणसाला आवडतंय. बायको म्हणाली, "अहो, बसा ना त्यांच्या पंगतीला." मी म्हणालो, जेवतो नंतर.

पुढे इंग्रजांची जुनी रेसिडेन्सी बघायला गेलो. अठराशे सत्तावन्नच्या तोफगोळ्यांची भोकं अजून भिंतींत आहेत. लखनौच्या पोरापोरींना ती जागा म्हणजे हिरवळीवर बसून गप्पा मारायचं ठिकाण. व्याही मात्र एका भिंतीपाशी टोपी काढून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, आमच्या लोकांनी तुमच्याशी जे केलं त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी काय म्हणावं? काहीच नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाहुण्याला वाईट वाटलेलं मला बघवेना. मी घाईघाईने म्हणालो, छे छे, असं मनाला लावून घेऊ नका, तुमच्यामुळेच तर रेल्वे आली. पोस्ट आलं. कालवे आले. मी बोटांवर मोजत होतो आणि ते बिचारे आणखीच लाल होत होते.

मुलगी शेजारीच उभी होती. घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, त्यांनी सॉरी म्हटलं आणि तुम्ही त्यांना सर्टिफिकेट दिलंत. हद है यार."

"अगं, तुझे सासरे आहेत. मुलीच्या बापाला नमतं घ्यावं लागतं."

"अच्छा? ताईचे सासरे आले तेव्हा तुम्ही लुंगीवर बसून त्यांच्याशी क्रिकेटवरून भांडला होतात. ते सासरे नव्हते?"

मी कढईकडे बघत राहिलो. तिने आवाज खाली आणला. म्हणाली, त्या घरात मी त्यांच्याशी वाद घालते, ते माझी टिंगल करतात, फार मजेत असतो आम्ही. पण इथे आल्यापासून ते माझ्याशीही जपून बोलायला लागलेत, जणू मी काचेची आहे. "तुम्ही असेच उभे राहिलात ना बाबा, तर परत जाताना माझे सासरे हरवलेले असतील. एक गिल्टी अंग्रेज उरेल फक्त."

तिचं खरं होतं. व्याही सातारचे असते तर मी उभा राहिलो नसतो. आमच्या बँकेत मोठमोठ्या साहेबांसमोर मी ताठ बसलेलो माणूस आहे. पण गोरा माणूस दारात आला आणि माझ्या पाठीतून काहीतरी सुटलं. त्याला मी रीत म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही नाश्त्याला आलेच नाहीत. पोट बिघडलं होतं. मुलगी त्यांच्या खोलीत जाऊन आली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. पहिल्या जेवणापासून त्यांना तिसरी पुरी जड जात होती. मग नको का म्हणाला नाहीत, असं तिने विचारलं, तर म्हणाले, या देशात येऊन मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

मी मऊ भात केला, त्यावर मेतकूट आणि साजूक तूप घातलं. दोन ताटल्या घेतल्या. त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि बसलो. गेल्या काही दिवसांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच बसत होतो. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना आग्रहाची रीत समजावून सांगितली. वाढणाऱ्याला थांबवणं हे जेवणाऱ्याचं काम आहे, तुम्ही तुमचं काम केलंच नाही, असंही म्हणालो. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मी नाही म्हणावं अशी तुमची अपेक्षा होती?"

"वाट बघत होतो."

ते इतके हसले की पोट धरून आडवे झाले. मग मी रेल्वेचंही सांगून टाकलं. म्हणालो, ते मी खोटं बोललो, म्हणजे रेल्वे आली हे खरं, पण मी ते तुमच्या तोंडाकडे बघून बोललो. त्यावर ते म्हणाले की तेसुद्धा भिंतीपाशी माझ्या तोंडाकडे बघूनच बोलले होते, मी ओरडेन असं त्यांना वाटलं होतं. वाईट वाटतं ते मात्र खरंच, एवढं त्यांनी जोडलं. मी म्हणालो, वाटू दे. यावेळी मी त्यांची समजूत घातली नाही.

त्यांना बरं वाटल्यावर आम्ही लखनौजवळच्या मलिहाबादला गेलो. माझ्या ओळखीच्या एकांची दशहरीची बाग आहे. झाडाखाली बाज टाकलेली, शेजारी पाण्याच्या बादलीत गार होत पडलेले आंबे. मी बाजेवर व्याह्यांच्या शेजारी बसलो. आंबा हातात हळूहळू मऊ करायचा, देठाकडचं टोक दातांनी काढायचं आणि चोखायचा, हे मुलीने त्यांना शिकवलं. त्यांनी शर्ट भरवून घेतला. ती म्हणाली, बस चालवताना असेच खात होतात का. ते म्हणाले, तुझ्या स्वयंपाकापेक्षा हे नीटच चाललंय. ती मला चिकटून बसली होती, तिचं हसू मला खांद्याला कळलं.

सवयीने माझा हात बादलीत गेला. एक मोठा, पिवळा दशहरी काढून मी त्यांच्यापुढे धरला. खरं सांगतो, तेव्हाही मी बाजेवरून अर्धा उठलोच होतो.

व्याह्यांनी ओला, चिकट तळहात आडवा धरला आणि माझ्या बायकोने शिकवलेलं मराठी म्हणाले, "पुरे."

मी पुन्हा आग्रह केला. करायचाच असतो.

"पुरे," ते जोरात म्हणाले.

मग तो आंबा मी खाल्ला.