कीड काढली, दाढ राहिली

"लिम्फोमा," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मी आमच्या यांच्या तोंडाकडे पाहिलं, यांनी माझ्या. मग डॉक्टरांनीच फोड करून सांगितलं: गळ्यातल्या गाठींचा कॅन्सर. पण बरा होऊ शकतो, औषध लगेच सुरू करू.

बरा होऊ शकतो! तेवढे तीनच शब्द घेऊन मी बाहेर बाकावर बसले. बुलढाण्याजवळ देऊळघाटला आमची वांगी-मिरचीची वाडी, नवरा चाळिशीच्याही आतला. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण कॅन्सर म्हटलं की आमच्याकडे अजून त्या माणसाचं ताट वेगळं ठेवत. यांच्या गळ्यातल्या गाठीला आम्ही कितीतरी दिवस गालगुंडच समजत होतो.

उपचाराचं नाव केमोथेरपी. म्हणजे ठरावीक आठवड्यांनी शिरेतून औषध द्यायचं. त्याने गाठी विरतात, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. त्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. म्हणून डॉक्टरांनी आधीच विचारलं, "कुठे जखम? गळू? दाढेला कीड?"

"व्हती साहेब," हे म्हणाले. "उन्हाळ्यातच काढली."

"काढली ना? छान." डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. रांग जिन्यापर्यंत गेली होती.

यात खोटं काहीच नव्हतं हो! उन्हाळ्यात यांची दाढ ठणकत होती, तेव्हा गावातल्या एका बाईने कीड काढली होती. आमच्याकडे सगळे तेच करत. निखाऱ्यावर काटेरी रिंगणीच्या झुडपाच्या बिया टाकायच्या, नळीने धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ पाण्याच्या थाळीत गळू द्यायची. थाळीतल्या पांढऱ्या अळ्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ठणकाही थांबला. मग कीड काढली असंच म्हणणार ना माणूस? डॉक्टरांना वाटलं, दाढच काढली.

दोन खेपांतच लिंबाएवढी गाठ सुपारीएवढी झाली. परतताना मलकापूरला एस.टी.त बसलो की हे माझा हात धरून गळ्याला लावत.

"पाह्य बरं, हाय का?"

"हाय, पण लहान झाली."

"मंग! म्या तुले काय म्हनलं होतं?" इतके खुशीत असायचे, जशी गाठ यांनीच दम देऊन पळवली.

तिसऱ्या खेपेनंतर जबडा सुजला, थंडी वाजून ताप आला. यांनी दाढेत लवंग धरली आणि वारं लागलं असेल म्हणून हे घरीच पडून राहिले. नागपूरला पोहोचलो तेव्हा तोंड उघडत नव्हतं. डॉक्टरांनी कसाबसा गाल बाजूला करून बॅटरी धरली.

"बाई, ही दाढ तर इथेच आहे! काढली म्हणाले होते ना?"

"कीड काढली साहेब," मी म्हटलं. "दाढ काऊन काढू? दुखतच नव्हती ते."

डॉक्टर खाली बसले. कीड कशी काढली ते मी सांगितलं. "त्या अळ्या नसतात, बियांचेच तुकडे असतात," ते म्हणाले. "मी तेव्हाच तोंड पाहायला हवं होतं." मला चिडायचं होतं, पण त्या माणसाचा चेहरा पाहून चिडताही आलं नाही.

दाढेखाली पू होता आणि सेप्सिस झालं होतं, म्हणजे ते विष रक्तात पसरलं होतं. रक्त थांबवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या, त्यामुळे दाढ उपटता येईना. केमोथेरपी बंद केली. ताप हटेपर्यंत गाठ पुन्हा लिंबाएवढी झाली, आणि नंतरचं औषध तिला लागूच पडलं नाही. होळीच्या आधी हे गेले.

भांडायचं तरी कोणाशी? कीड काढणाऱ्या बाईला गावाने खूप बोल लावले, मी नाही लावले. पण बरा होणारा माणूस एवढ्याशा बोलण्यापायी हातचा गेला, याची हळहळ काही केल्या जात नाही.

म्हणून सांगते. दुखत नाही म्हणजे दाढ चांगली, असं धरू नका. औषधाआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा, खराब दाढ काढून जखम भरू द्या. औषध चालू असताना काडी, राखुंडी, मिसरी काही नको. मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

गावातून कोणी या उपचाराला निघालं की मी त्याच्या घरी जाऊन उभी राहते. लोक हसतात. "काकू, सांगतो ना आमी डॉक्टरले सगळं!"

"सांगू नका बाप्पा," मी म्हणते. "आ करा. दाखवा."