मांडणीताईंची चिठ्ठी आणि एकतीस टिकल्या

ज्याने उद्याचा दिवस घडवताना समिती नेमली नाही, निमंत्रणे धाडली नाहीत, अहवाल छापला नाही, आणि तरीही ज्याचा सूर्य आजवर एकदाही उशिरा आला नाही, त्या विश्वंभराच्या चरणी आधी माथा टेकवू. देवा, तू सर्वांच्या हृदयात राहतोस. शहाण्यांच्या सभेतही कुठेतरी राहत असशीलच. ती जागा आम्हांला दाखव, आणि त्या सभेच्या खुर्च्या मांडणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगण्यापुरती आमची वाणी सरळ ठेव.

या बाईंना सारे मांडणीताई म्हणत. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाची व्यवस्था बावीस वर्षे त्यांच्याकडे होती. कोणती खुर्ची करकरते, कोणता ध्वनिक्षेपक कुरकुरतो आणि कोणते वक्ते घड्याळाकडे पाहत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ होते. या शेवटच्या वक्त्यांसाठी त्या समोरच्या भिंतीवर मोठे घड्याळ टांगत. वक्ते छताकडे पाहून बोलत.

दर दहा वर्षांनी या सभागृहात संगणकशास्त्राचे चाळीस पंडित जमत आणि पुढच्या दहा वर्षांत जगाने कसे जगावे, हे दोन दिवसांत ठरवीत. रीत मोठी साधी. प्रत्येकाने मनातले स्वप्न पिवळ्या चिकट चिठ्ठीवर निनावी लिहायचे आणि भिंतीवर लावायचे. मग प्रत्येकाला पाच लाल टिकल्या मिळत. आवडेल त्या स्वप्नाला टिकली लावायची. ज्या चिठ्ठीचे कपाळ टिकल्यांनी भरे, ती ‘दृष्टिपत्रात’ जाई. दृष्टिपत्र वाचून प्रयोगशाळा कामाला लागत, प्रयोगशाळांकडे पाहून कारखाने कामाला लागत, आणि दहा वर्षांनी ते स्वप्न कुणाच्या तरी उंबरठ्यावर येऊन उभे राही. कुणाच्या, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसे.

ताईंची ही तिसरी सभा. पहिल्या सभेत ठरले होते की दहा वर्षांत जगात कागद उरणार नाही. त्या ठरावाच्या चारशे कागदी प्रती ताईंनीच टाचून वाटल्या. दुसऱ्या सभेत सर्वाधिक टिकल्या पडल्या त्या ‘किल्लीमुक्त घर’ या चिठ्ठीवर. ती ताईंनी स्वतःच्या हातांनी भिंतीवरून उतरवून टंकलेखनाला दिली होती.

आणि बघा त्या जगन्नियंत्याचा विनोद! गेल्या वर्षी ते घर ताईंच्याच इमारतीत आले. प्रवेशद्वाराचे जुने कुलूप निघाले, काचेची गुळगुळीत पट्टी बसली. चार आकड्यांना बोट लावायचे, की दार उघडे. तीनदा चुकले, की पंधरा मिनिटे बंद, आणि आतून मंजुळ आवाज: “कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

ताईंच्या आईचे हात थरथरत. बोटे आखडू नयेत म्हणून ती रोज चालत दवाखान्यात व्यायामाला जाई, आणि दमलेले हात घेऊन दुपारी परते. सात दाबावा तर आठ उमटे. दुपारी सारी इमारत कामावर गेलेली. आई पायरीवर बसे, ताई सहाला येईपर्यंत.

“फार गोड बोलते गं ती,” आई म्हणे. “हाकलते, पण गोड बोलते. मी या इमारतीत आले तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, आणि मलाच विचारते कोण म्हणून!”

हसण्यावारी नेता नेता आईने एक दिवस दवाखान्यात जाणेच सोडले. पंधरा दिवस झाले. डॉक्टरांनी ताईंना बोलावून बजावले, “असंच घरी बसल्या, तर दोन महिन्यांत त्यांना घासही हातानं घेता येणार नाही.”

ताई इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. हे गृहस्थ भविष्याचे मोठे भक्त. दृष्टिपत्राचे पान त्यांनी सूचनाफलकावर लावले होते, सभेच्या पितामहांच्या सहीसकट.

“ताई, जग पुढं चाललंय. तुमच्या एकटीसाठी मागं आणू का?”

“जगाला नका आणू. माझ्या आईला तेवढं आत आणा.”

“हे पान मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय हो!”

“ठाऊक आहे. त्यांच्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या.”

अशा मनःस्थितीत तिसरी सभा आली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई रिकाम्या सभागृहात गळलेल्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवत होत्या. हातात एक कोरी चिठ्ठी राहिली. बावीस वर्षांत त्या भिंतीवर त्यांनी स्वतःचे एक अक्षर उमटवले नव्हते. त्यांनी दाराकडे पाहिले, मनात देवाचे नाव घेतले आणि लिहिले: ‘ज्याचा हात थरथरतो, त्यालाही आपल्या घरी जाता यावं.’ चिठ्ठी खिडकीजवळच्या कोपऱ्यात लावून त्या पाण्याचे पेले भरू लागल्या.

जेवून तृप्त झालेले पंडित टिकल्या घेऊन भिंतीपाशी आले. कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. एक चष्मेवाले प्राध्यापक हळूच म्हणाले, “थोरल्या सरांचीच ही. इतक्या कमी शब्दांत लिहायची छाती दुसऱ्या कुणाची आहे?”

थोरले सर म्हणजे त्या सभेचे पितामह. ते उजवा हात कोटाच्या खिशात घालून नुसते हसले. त्या हास्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला, आणि पाहता पाहता चिठ्ठीवर एकतीस टिकल्या पडल्या!

मग अर्थ उलगडणे सुरू झाले. आहाहा, काय ते पांडित्य! एक म्हणाले, हात हे रूपक आहे. दुसरे म्हणाले, थरथर म्हणजे अनिश्चितता. चष्मेवाल्यांनी सिद्ध केले की घर म्हणजे माणसाच्या माहितीचा साठा. फळ्यावर वाक्य उमटले: ‘अनिश्चितताग्रस्त घटकांना स्वकीय माहितीक्षेत्रात प्रवेश.’ ताई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या वाक्यात आपली आई कुठे बसली आहे, हे त्या शोधत राहिल्या. ती त्यात पायरीवरसुद्धा नव्हती.

तांब्या टेबलावर जरा जोरातच टेकला गेला.

“हात म्हणजे हात,” ताई म्हणाल्या. “आणि घर म्हणजे आमचं घर, तिसऱ्या मजल्यावरचं. खालचं दार उघडत नाही म्हणून माझी आई पायरीवर बसायची, आता बाहेरच पडत नाही.”

सूत्रसंचालक बाईंनी यादी चाळली. “आपण निरीक्षक म्हणून आला आहात का?”

“नाही. मी खुर्च्या मांडते. चिठ्ठी माझी आहे.”

चष्मेवाले भिंतीपाशी गेले आणि आपली टिकली नखाने खरवडू लागले. पण सामान ताईंनी आणलेले. टिकली उत्तम प्रतीची होती, निघेना.

“राहू दे ती,” थोरले सर म्हणाले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, सर्वांसमोर धरला. तो पिंपळपानासारखा थरथरत होता. “आमच्याही दाराला तीच पट्टी आहे. वर्ष झालं. मुलगा येईपर्यंत मी बागेत फेऱ्या मारतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला फिरण्याची हौस आहे.” ते भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे वळले. “‘किल्लीमुक्त घर’ ही चिठ्ठी माझी होती. लिहिली तेव्हा हात स्थिर होता हो.”

मग त्यांनी त्याच हाताने ताईंच्या इमारतीच्या सेक्रेटरींना, दार थरथरत्या हातालाही उघडावे म्हणून, चार ओळींचे पत्र लिहिले. अक्षर वेडेवाकडे, पण सही तीच.

सेक्रेटरींनी पत्रावरची सही आणि फलकावरची सही तीनदा ताडून पाहिली आणि म्हणाले, “हेच तर मी केव्हापासून म्हणतोय!” दुसऱ्याच सकाळी कुलूपवाला हजर. त्याने काचेची पट्टी पाहिली, डोके खाजवले.

“साहेब, याच्या खोक्यात गळ्यात घालायचे बिल्ले येतात. नुसता जवळ धरायचा, दार उघडतं. वाटले नाहीत?”

बिल्ले सेक्रेटरींच्या खणात होते. दृष्टिपत्रात त्यांचा उल्लेख नसल्यामुळे त्यांनी ते जुन्या काळातली वस्तू समजून ठेवून दिले होते. काम पाच मिनिटांत झाले.

त्या दुपारी आई दवाखान्यातून आली, गळ्यातला बिल्ला थरथरत्या हाताने कसाबसा पट्टीपाशी नेला, आणि दार उघडले. वरच्या कुलपाची जाड किल्ली ती नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी फिरवून घरात गेली. सहाला ताई आल्या तेव्हा पायरी रिकामी होती. ताई त्या रिकाम्या पायरीवर क्षणभर स्वतःच बसल्या, आणि मग वर गेल्या.

पंडितांचे दृष्टिपत्र यथावकाश निघाले. त्यात या विषयावर अकरा पाने आहेत. दहा वर्षे संशोधन व्हावे, अशी शिफारस आहे. आरंभी ताईंचे वाक्य, आणि खाली: ‘एका सहभागी तज्ज्ञाचे उद्गार.’

“तज्ज्ञ कोण गं हे?” आईने विचारले.

“मी.”

“बरं बाई. मग तज्ज्ञांनी चहा टाकावा.”

विश्वंभरा, या मायलेकींचा चहा कधी गार होऊ देऊ नकोस. आईच्या बोटांत बळ राहू दे, थोरल्या सरांना त्यांच्या दारात कुणी तिष्ठत ठेवू नये. खुर्च्या मांडणाऱ्या हातांना एखादी कोरी चिठ्ठी नेहमी सापडू दे. आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचे दार आपल्या माणसांना पाहून सदैव उघडत राहो.