आईला न दिसलेली तीन मिनिटं

नामदेव गेल्याचं त्याच्या मुलीनं, रेखानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. बरं काय, कपाळ! पण तोंडातून तेच निघालं... फोन ठेवून पुन्हा ताटापुढे बसले आणि खड्यांबरोबर चांगले तांदूळही बाहेर टाकत राहिले. त्याला आता सव्वा महिना झाला.

त्याच्या दोनच महिने आधी तो माझ्याकडे वाशिमला आला होता. माझा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, आतला पंखा घुमायचा, पण पडद्यावर मिट्ट काळोख. माझी पडद्याची सगळी बटणं दाबून झाली होती, वर दोन चापट्याही मारल्या होत्या. पंच्याहत्तरीचा नामदेव, गुडघे कुरकुरत असताना, खाली बसला आणि भिंतीतल्या प्लगपासून वायरीवर बोट फिरवत फिरवत वर आला. पडद्याची वायर मागच्या खाचेत अर्धीच बसली होती. ती त्यानं नीट दाबली आणि पडदा उजळला. "शकूताई, भिंतीपासून पाह्यत यावं. तुमी आंधी त्याच्या तोंडातच मारता," तो म्हणाला. मी हसले. पण उजळलेल्या पडद्याकडे पाहताना आम्हा दोघांना एकच गोष्ट आठवली असणार, कारण तो लगेच चहा मागायला लागला.

एकोणीसशे सत्तरचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. आपला जिल्हा अजून अकोलाच होता. आम्ही शिरपूरला राहायचो, देवळाच्या गल्लीत, आमचं कापडाचं दुकान. नामदेव किन्हीराजा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. एसटी स्टँडजवळ त्यानं रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली होती. माझा थोरला भाऊ सुरेश आफ्रिकेत एका व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिकडं तापानं गेला. आईला त्याचं तोंडही पाहता आलं नाही. काही महिन्यांनी त्या भल्या मालकानं सिनेमाचं एक छोटं रीळ पाठवलं. सुरेश गेला त्याच्या महिनाभर आधी, सहलीला गेले असताना मालकानं कॅमेऱ्यानं ते घेतलं होतं. तीन मिनिटांचं, मुकं. मालकाच्या अकोल्याच्या नातेवाइकांनी प्रोजेक्टरही वापरायला दिला. घाई होती ती आईच्या डोळ्यांची. तिला काचबिंदू होता. "दिसतं तोवर पाहून घ्या," असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं.

मशीन लावायला नामदेवला बोलावलं. श्रावण होता. दिवेलागणीला त्यानं भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं, मशीनचा दिवा लावून उजेडाचा चौकोन नीट बसवला आणि आईचा जप संपायची वाट पाहत ओसरीवर जाऊन बसला. दिवा तसाच चालू होता. पावसाळ्यातली पाखरं त्या उजेडावर तुटून पडली. मशीनच्या मागं बारीक भोकं होती, त्यांतून गरम वारा यायचा, आणि दोन-तीन पाखरं सरळ त्या भोकांत शिरली. आमच्या जैन घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि चातुर्मासात उघडा दिवा ठेवायचा नाही, का तर जीव जळतात. मी वीस वर्षांची, घरच्या वळणाची. पाणी गाळायचं धुतलेलं फडकं आणलं, दुहेरी केलं आणि त्या भोकांवर घट्ट बांधलं. पुण्य केलं असं वाटलं मला!

आई जपावरून उठून येत होती तेवढ्यात 'फट्' आवाज झाला आणि चौकोन विझला. सगळ्यांना वाटलं लाइट गेली, पण ओसरीवरचा बल्ब जळत होता. आई येऊन पाटावर बसली. नामदेव भिंतीपासून निघाला. प्लग काढून पाहिला, टेस्टर लावला, वायर चाचपली. करंट मशीनपर्यंत येत होता, मोटर फिरत होती, उजेड तेवढा नव्हता. मग तो मशीनच्या मागं गेला. त्याला फडकं दिसलं, त्यावर तपकिरी डाग पडला होता. त्यानं झाकण उघडलं. आतला बल्ब एका बाजूनं फुगून काळा झाला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं फडकं सोडलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "काकू, माह्याच हातून झालं. म्या दिवा लई येळ चालू ठेवला."

आईनं विचारलं, "मंग आता?"

"दुसरा बल्ब मुंबईहून आनावा लागन."

"तुले येत नोतं तं हात काहून लावला रे?"

तो भिंतीवरचं धोतर सोडायला लागला. आणि मी? मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टपरीवर गेले. "तू काहून अंगावर घेतलं?" तो म्हणाला, "तुमाले तिच्याजोळ राहा लागते. मी सायकलवर टांग टाकून निंगून जातो." सांगायचं मी रोज ठरवायचे. पण एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलायला दुप्पट बळ लागतं, आणि माझ्याकडं मुळात तेच नव्हतं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माहा सुरेश दोनदा गेला. एकदा तापानं, एकदा नामदेवच्या हातानं." मी ऐकत भाकऱ्या थापायचे.

बल्ब आला तो कार्तिकात. तोवर आईला दार कुठं आणि खिडकी कुठं, एवढंच उजेडावरून कळायचं. तरी नामदेव आला. "आता कायले रे?" मी दारातच विचारलं. "बल्ब आनला न," तो म्हणाला आणि धोतर बांधायला लागला.

मशीन सुरू केलं आणि तो आईच्या पाटाशेजारी बसला. "आला काकू, सुरेशभाऊ आला. झाडाखालून चालून राह्यला."

"कमीज कोनती हाये?"

"निळी." रीळ काळं-पांढरं होतं.

"बारीक झाला का रे?"

"नाई व काकू. गाल भरले." धोतरावर माझ्या भावाची गालफडं वर आली होती, अंगावर सदरा लोंबत होता. मी पदर तोंडात कोंबला.

तीन मिनिटं संपली. रिळाचं टोक फटफट आपटायला लागलं, धोतरावर कोरा उजेड, आणि नामदेव सांगतच होता, "आता हात हालवून राह्यला, काकू. तुमच्याकडंच पाह्यते." आईनं हात वर केला. बराच वेळ तसाच धरला. मग खाली घेऊन म्हणाली, "तवाच दाखोलं असतं तं म्या पाह्यलं असतं रे."

"हो काकू. चुकलं माह्यं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तेव्हाही बोलले नाही. आई पुढं सहा वर्षांनी गेली, त्याच समजुतीत.

परवा मी रेखाला भेटायला गेले. त्याची खोली तिनं आवरलेली नाही. टेबलावर कुणाचा तरी उघडा रेडिओ तसाच आहे. रेखा म्हणाली, "मावशी, कोनतंबी मशीन आलं का बाबा आंधी त्याच्या मागची भोकं पाह्यत, मोकळी हायेत का म्हून. आमी हसलो का म्हनत, माह्या एका चुकीनं एका माउलीले तिचं पोरगं दिसलं नाई." पोरीचे डोळे भरून आले. आपल्या बापाच्या हातून असं घडलं याचं तिला अजून वाईट वाटतं. मी चहा प्यायले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एसटी पकडली. पन्नास वर्षांनीही माझं तोंड उघडलं नाही.

रेखा, ते फडकं मी बांधलं होतं.