पाचवीची कात्री

मी आयुष्यात पहिली नाळ कापली ती दुधी भोपळ्याची. ठाण्याच्या इस्पितळात आमचा सुईणपणाचा वर्ग भरायचा, तिथे खरं बाळ हाती यायला बरेच महिने लागत. तोवर मेट्रनबाई भोपळ्याला फडकं गुंडाळून, त्याला रबराची नळी बांधून आमच्यासमोर ठेवायच्या. दोन ठिकाणी बांधायचं, मध्ये कापायचं. पहिल्याच दिवशी माझ्या हातून भोपळा निसटला आणि फरशीवर पडून फुटला. त्या रात्री वसतिगृहात भोपळ्याची भाजी होती, आणि पुढचा महिनाभर मुली मला जाता येता विचारत, "काय गं, बाळ कसं आहे?"

मेट्रनबाई ठाण्याच्याच, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. शिकवायच्या इंग्रजी पुस्तकातून, पण रागवायच्या घरच्या मराठीत, त्यामुळे रागावणं जास्त लक्षात राहायचं. त्यांचा जप एकच होता: कात्री वीस मिनिटं उकळायची. पंधरा नाही, अठरा नाही. आमच्यातली एखादी झाकण उचलून डोकावली की म्हणायच्या, "पाण्याकडे काय बघतेस? पाणी तुला काही सांगणार नाही. घड्याळाकडे बघ." आणि भांडं पुन्हा पहिल्यापासून स्टोव्हवर चढायचं.

आमचं घर डोंबिवलीला. वडील मुंबईत कचेरीत कारकून. मुलगी बाळंतपणं करायला शिकते हे आईला शेजारणींना सांगवेना, म्हणून ती 'सायन्स घेतलंय' असं सांगायची. सायन्स घेतलेली मुलगी सुट्टीत घरी आली की आई आधी तिला आंघोळीला पाठवायची आणि मग विचारायची, जेवलीस का. वडिलांनी मात्र शिक्षण पुरं झाल्यावर मला मनगटी घड्याळ घेऊन दिलं. वीस मिनिटांची गोष्ट मी त्यांना इतक्यांदा सांगितली होती की बहुधा ऐकून ऐकून कंटाळले असावेत.

माझी पहिली नेमणूक खाडीकाठच्या एका गावात झाली. डोंबिवलीहून बांधाबांधाने चालत जायचं आणि शेवटी होडी. माणसं आगरी. पावसाळ्यात भात लावायची, एरवी मिठागरात राबायची. दवाखाना म्हणजे मिठाच्या जुन्या गोदामातली एक खोली. भिंतींना मीठ फुटलेलं, लोखंडाची कुठलीही वस्तू आठवड्यात तांबडी व्हायची. मागच्या पडवीत मी राहायचे. मला एक पेटी मिळाली होती: पट्ट्या, बोरिक पावडर, बँडेज कापायची एक कात्री आणि नाळ कापायची एक कात्री. ही दुसरी मी खोबरेल लावून फडक्यात बांधून ठेवायचे. आईने तिचे दागिने इतके जपले नसतील.

गावात सुईण होती. सगळे तिला आजी म्हणत, कारण पन्नाशीच्या आतलं जवळजवळ अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलेलं होतं. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती चार बायका घेऊन मला बघायला आली, म्हणजे मुलगी बघायलाच आली.

"लगीन झायलाय का तुजा?"

"नाही."

"पोर?"

"नाही हो, आजी!"

"मंग तुना कोनी सांगला पोर कसा होतो?"

"मी ठाण्याला शिकलेय."

ती बायकांकडे वळली. "आयका गो. ठान्याला शिकवतान." बायका इतक्या हसल्या की एकीला खोकला आला, आणि खोकल्याचं औषध हे मी त्या गावात दिलेलं पहिलं औषध.

त्यानंतर बोलणी खाणं माझ्या पाचवीलाच पुजलं. खरूज, ताप, मुलांचे कान यासाठी लोक यायचे. बाळंतपणाला कोणी बोलवायचं नाही. मी बायकांना जमवून स्वच्छतेवर भाषणं द्यायचे. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत शांतपणे ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बाय, तुज्या या पातलाचा काठ कुठशी घेतला?"

मग एक दिवस आजीची नातसून आली. एकोणीस-वीसची असेल, सातवा महिना. खरजेचं मलम मागितलं, आणि मी अंगावर खरूज शोधू लागले तर ती रडायलाच लागली. तिची आधीची दोन्ही मुलं आठव्या दिवशी गेली होती. आधी दूध ओढायचं थांबली, मग जबडा आवळला, मग अंग धनुष्यासारखं ताठ झालं. गाव म्हणायचं, सटवाईने नेली. मला माहीत होतं, तो धनुर्वात. नाळेतून शिरतो. त्या घरात नाळ विळ्याने कापत, आणि विळा आजीचा होता.

"ह्या टायमाला तू ये," ती म्हणाली. "आजीला सांगू नको."

सुईणीच्या घरात सुईणीला न सांगता बाळंतपण कसं होणार, हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही. मी सरळ आजीकडे गेले. वाटलं होतं, शिव्या मिळतील. ती जाळ्याला गाठी मारत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "ये. मी बाजूला बसेन. तुजा हात थरथरला तर सांग."

नातसुनेला कळा सुरू झाल्या एका दुपारी. माझी कात्री वीस मिनिटं उकळली, घड्याळ लावून. आजी उशाशी बसून नातसुनेची पाठ चोळत होती आणि मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी घाबरले होते हे लपत नव्हतं. मुलगा झाला. दोन ठिकाणी बांधलं, मध्ये कापलं. भोपळ्यापेक्षा सोपं गेलं, खरं सांगते, कारण भोपळा गुळगुळीत असतो. नाळेवर राख लावायची नाही, काहीही लावायचं नाही, असं मी तीनदा बजावलं, कात्री पुसून फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि उठले.

"कातर कुठं नेतंस?" आजी म्हणाली.

"दवाखान्यात. आजी, ती सरकारी आहे."

"नाळ जिनं कापली ती पाचवीपर्यंत पोराच्या उशाशी ऱ्हाते. पाचवीला तिची पूजा होते."

मला ही रीत ठाऊक नव्हती. आमच्या पुस्तकात नव्हती आणि आमच्या घरी बाळंतपणाचं बोलणंही बंद दाराआड चालायचं. मी म्हटलं, नियम आहे. मेट्रनबाईंनी शिकवलेल्या ठाम आवाजात म्हटलं आणि उंबऱ्यापर्यंत गेले. मागे वळून बघते तर आजी उठून कुडात खोचलेला विळा काढत होती.

"हे काय करता?"

"कातर तुजी चालली. मंग उशाशी ऱ्हायाला ह्या विळ्याचा हात लागाया नको? थोडा लावतंय नाळेला, कापल्यावाणी. उशाशी काय ठेवू, तुजा नियम?"

त्या विळ्यावर मिठागराच्या हवेचा तांबडा गंज होता. मी इतक्या जोरात धावले की पेटी दारात आपटली. कात्री आजीच्या हातात दिली. "ही घ्या. पाच दिवस ठेवा, दहा दिवस ठेवा. पण विळा त्याला लावू नका. तुमच्या पाया पडते." आणि खरंच पडले. आजीने विळा परत कुडात खोचला, कात्री उशाशी ठेवली आणि बाळंतिणीला म्हणाली, "बग, कशी शानी हाय. उगा ठान्याला शिकत नाय." तिने हे मुद्दाम केलं होतं की काय, असा संशय मला आजही येतो.

आता गावात माझी एकुलती एक नाळेची कात्री एका बाळाच्या उशाशी झोपली होती. तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचं कार्ड आलं: तपासणीला येते, तारीख परवाची. परवा म्हणजे पाचवीच.

शिकवलेल्या मुलींच्या नेमणुकांची तपासणीही मेट्रनबाईच करायच्या. तपासणी म्हणजे काय ते सांगते. पांढऱ्या कापडावर पेटीतली एकेक वस्तू ठरलेल्या क्रमाने मांडायची. एखादी गंजलेली निघाली तर शेरा, नसली तर आणखी मोठा शेरा, आणि पहिल्याच नेमणुकीत असा शेरा पडला तर मुलगी घरी. मी आजीकडे गेले. तासाभरासाठी द्या म्हटलं. आजी म्हणाली, "सटवाईला एक तास थांबाया सांगू? तुजी बाय आयली तर तिना पन घेऊन ये."

मेट्रनबाई छत्री आणि बूट घेऊन होडीतून उतरल्या तेव्हा दुपार कलली होती. मी कापडावर सगळं मांडलं होतं. मधली एक जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"कात्री?"

"पूजेत आहे," मी म्हटलं.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मी सगळं सांगितलं: विळा, गंज, आठवा दिवस, सगळं. त्या ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी फक्त छत्री उचलली आणि विचारलं, "घर कुठलं?"

मिठागराच्या बांधावरून त्या पुढे आणि मी मागे. घरात पाटा मांडला होता. पाट्यावर हळदकुंकू, फुलं, घुगऱ्या, आणि मधोमध सरकारी कात्री, हळदीने पिवळी, कुंकवाने तांबडी. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. मेट्रनबाई पाट्याकडे गेल्याच नाहीत. त्या हात धुऊन आल्या, बाळाजवळ बसल्या, फडकं बाजूला केलं, बेंबी पाहिली. कोरडी, स्वच्छ. राख नाही, तेल नाही.

"ह्याला कोण सांभाळतं?"

"मीच," आजी म्हणाली. "कोनाला हात लावू देत नाय. बाय नको बोलली."

मी आजीकडे बघितलं. पाच दिवस तिने माझा शब्द पाळला होता, आणि मला वाटत होतं की मीच तिला सांभाळून घेतेय.

मेट्रनबाई निघणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "बाय, कागूद हाय का? कोरा." सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यासाठी कोरा कागद आणि टाक ठेवतात. घरात कागद नव्हता. मेट्रनबाईंच्या हातात तपासणीची वही होती. त्यांनी ती उघडली, जिथे माझा शेरा लिहायचा ते पान होतं, ते टरकन फाडलं आणि पाट्यावर ठेवलं. वर स्वतःची पेन्सिलही ठेवली. मग मूठभर घुगऱ्या खाल्ल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "उद्या कात्री घेऊन ये आणि परत उकळ. घड्याळाकडे बघून." त्या पानावर सटवाईने माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

आठव्या दिवशी मी पहाटेच गेले. नातसून भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. तिचा नवरा मिठागरावर गेलाच नव्हता, दारात उगाच दोरी वळत होता. बाळाने तोंड उघडलं. जबडा मोकळा होता. दूध ओढू लागलं, असं की आवाज ओटीपर्यंत यावा. मी रडले. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं रुग्णासमोर रडायचं नाही, पण रडले.

"पोर पितोय आनि ही रडते," आजी म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती कुडात खोचलेल्या विळ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दवाखान्यात आली. पदराखालून विळा काढला आणि टेबलावर ठेवला. राखेने घासून लख्ख केला होता.

"ह्याला पन उकल. पल्याडच्या पाड्यावर एक भरल्या दिसांची हाय, आज-उद्यात होईल. तू येशील तवा येशील, होडी नसली तर?"

मी मोठा टोप काढला, पाणी घातलं, स्टोव्ह पेटवला. विळ्याची मूठ बाहेर राहिली, पातं बुडालं, वर झाकण तिरकं ठेवलं. आजी समोर उकिडवी बसली. मुठीकडे बघत म्हणाली, "पयली दोगां... ह्याच्यानं गेली का गो?"

रुग्णाशी खोटं बोलायचं नाही हे मेट्रनबाईंनी शिकवलं होतं. पण शिकवताना त्यांच्यासमोर भोपळा होता. "नाही आजी," मी म्हटलं. "तसं काही नसतं. होतं कधी कधी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला नजर वर करता येईना.

"तुना खोटा पन धड बोलता येत नाय," ती म्हणाली. मग टोपाकडे हात केला. "किती येल?"

"वीस मिनिटं."

पाणी उकळायला लागलं होतं. तिला घड्याळ कळत नव्हतं. मी वडिलांनी दिलेलं घड्याळ मनगटावरून काढलं, तिच्या हातात ठेवलं आणि मोठा काटा कुठे आला की झालं ते बोटाने दाखवलं. तिने दोन्ही हातांत ते धरलं. टोपावरचं झाकण वाजायला लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायलासुद्धा तिने घड्याळावरून नजर काढली नाही.