आबांना अमर व्हायचं नव्हतं

आमचे आबा एका दुपारी अमर होण्याच्या भीतीने घरातून पळून गेले.

आबा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे, कान अर्धे आणि जिद्द दुप्पट! चूक माझी. मी घरात एक परदेशी मालिका लावायचो, हिंदीत डब केलेली. तिच्यात सरकार सगळ्यांना एक सुई टोचतं आणि मग कोणी मरतच नाही. मरत नाही म्हणून सुट्टीही नाही. दोनशे वर्षांचे म्हातारे राखाडी आभाळाखाली कारखान्यात उभे! मला मात्र ती पाहताना छान गुंगी यायची. वाटायचं, आपण आपल्या आर्णीच्या शेतात उभे आहोत, कापूस फुटतोय, वेचला की पुन्हा फुटतोय, आणि संध्याकाळ काही होतच नाही... (बायकोच्या मते याला घोरणं म्हणतात.)

"हे खरंच होऊन राह्यलं का रे?" आबांनी विचारलं.

"हाव आबा," मी गुंगीतच बोललो. "आता कोनी मरत नाही."

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातली सिस्टर दारात! "आबाजी, इंजेक्शन आहे. सरकारकडून, फुकट!"

साथीच्या तापाचं साधं इंजेक्शन ते. पण आबा "धोतर बदलून येतो" म्हणून आत गेले आणि मागच्या दाराने पसार!

"अजी, आबा कुठी गेले?" माझी बायको सुनंदा ओरडली. "तुमच्या त्या टीव्हीनं म्हातारा घालवला!"

मी गाडी काढली. पानठेला पाहिला, बसस्टँड पाहिलं, शेवटी शेत गाठलं. आबा बांधावर पळसाखाली बसले होते. उतरतं ऊन, अंगणभर पसरावा तसा पांढरा कापूस, वाऱ्याचा आवाजही दबका. मी रागवायचंच विसरलो.

"चला घरी, आबा."

"नाही येत. मले नाही जगाचं हमेशा."

"काहून?"

"तुही माय गेली तवा तिले म्हनलो होतो, तू हो पुढं, मी आलोच. ते वाट पाहून राह्यली असन. अन् मी इथं दोनशे वर्सं तुह्या टीव्हीपुढं बसू?"

मी त्यांच्या शेजारी बांधावर टेकलो.

"आबा," मी शेवटी म्हटलं, "ते सुई तापाची आहे. तिच्यानं मराले काही अडचन येत नाही!"

"पक्कं?"

"मायची शपथ."

तेव्हा कुठे ते गाडीवर बसले.

सिस्टर चहा पीत थांबली होती. आबांनी अट घातली, "पह्यले याले टोचा. मी पाह्यतो काय होते ते."

मी ऐटीत बाही वर सरकवली. दंडाला काहीतरी गार लागलं. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो आणि आबा स्वतःचा टोचलेला दंड चोळत माझ्या तोंडावर पाणी मारत होते. "तू आडवा पडला, तवा पटलं मले, या सुईनं मरता येते!" ते म्हणाले.

"झालं का माझं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"कायचं जी!" सिस्टर म्हणाली. "मी अजून स्पिरिटचा बोळाच लावला होता!"