भिंतीवरच्या पाळ्या

कतारमध्ये लुसैलला लेकीच्या अठराव्या मजल्यावरच्या घरी पोचले. खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग ट्राम, मग ओळीनं उभे चकचकीत मनोरे. "कसं आहे, आई?" लेकीनं विचारलं. "धुऊन पुसून ठेवल्यासारखं," मी म्हटलं. "माणसं कुठं ठेवलीत?" पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या वाईला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी आम्ही जवळच्या उम्म सलाल मोहम्मद गावाला गेलो. जुने मातकट बुरूज पाहिले आणि मग शेतातली ताजी भाजी मिळते म्हणून एका टपरीवर थांबलो. "ही मेथी की गवत?" मी लेकीवरच करवादले. शेजारी कालचे खुबूस (गव्हाची मोठी रोटी) घेणारा एक उंच माणूस हसला.

"बाई, साताऱ्याकडच्या का?"

हा सर्जेराव, माण तालुक्यातला गवंडी. कंपनी बंद पडली, कॅम्पला कुलूप लागलं, कागद अडकले. आता तो आणि आणखी आठ जण एका इज्ब्यात (शेळ्यामेंढ्यांच्या शेतवाडीत) राहतात, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. मी हट्टानं बघायला गेले. लेक गाडीतच बसून राहिली.

शेळ्यांचं रिकामं छप्पर, पण आत केर दिसेल तर शपथ. अंथरुणं घड्या घालून रांगेत. कोपऱ्यात खाटेवर धोंडीराम, बांधकामाच्या परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडलेला. आणि भिंतीवर कोळशानं काढलेला तक्ता. वारांपुढे नावं, काही मराठीत, काही नेपाळीत, दोन बंगालीत.

"ही आमची सावड," सर्जेराव म्हणाला. "गावाकडं कसं, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसंच हितं. रोज एकानं कामावर जायचं न्हाई. धोंडीरामाला आंघोळ घालायची, भात शिजवायचा. बाकीचे मिळंल ते काम करत्यात आन् त्याच्या वाटचंबी आणत्यात. नेपाळ्यांना शिकवावंबी लागलं न्हाई. त्यांच्यात हेलाच पर्मा म्हणत्यात."

"मला शेळीगत सांभाळत्यात," धोंडीराम खाटेवरून म्हणाला. "निस्तं दूध काढायचं ऱ्हायलंय." सगळे हसले. मला भात, कांदा आणि काळा चहा मिळाला. खाल्ल्याशिवाय उठूच देईनात.

निघताना सर्जेराव हळूच म्हणाला, "फोटो तेवढा नको, बाई. वाडीचा मालक भला हाय, गुपचूप राहू दिलंय. गवगवा झाला की त्याच्यावर येतंय. आन् आमी पांगलो तर ह्या धोंडीरामाचं कोण बघणार?"

"माणसांचा नाही काढत," म्हणत मी तक्त्याचा काढलाच. नीट आखलेलं वेळापत्रक दिसलं की मास्तरणीचा हात शिवशिवतो. तो तक्त्यापुढून बाजूला सरकला. पाहुणीला नाही कसं म्हणायचं!

संध्याकाळी तो फोटो लेकीच्या इमारतीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली चांगला लांबलचक मजकूर लिहिला, जागेसकट. शहाणी ना मी! शुक्रवारी पाच गाड्या निघाल्या. ब्लँकेटं, खोके, ग्रुपचं नाव छापून आणलेला फलक. पहिल्या गाडीत पुढच्या सीटवर मी, वाट दाखवायला. मंडळींनी धोंडीरामाला धरून बसवलं, फलकाच्या मधोमध यावा म्हणून. त्याच्या तोंडून किंकाळी निघाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काका, स्माईल!" सर्जेराव माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

फोटो गावभर फिरले. रविवारी मालक येऊन त्यांना म्हणाला, "खलास." त्याचे डोळे भरले होते म्हणे. दुपारपर्यंत छप्पर रिकामं.

परत येताना दोहाच्या विमानतळावर ग्रुप उघडला. माझ्या नावानं फुलांचा खच पडला होता. 'हे सगळं काकूंमुळे शक्य झालं.' शिसारी आली, स्वतःचीच.

वाईला पोचून आठवडाभरानं, धीर गोळा करून सर्जेरावला फोन लावला. त्यानं सांगितलं, चौघं दोहात, तिघं दूर रास लफानकडे, कुणाचा कुणाला पत्ता नाही. धोंडीरामाला त्यानं स्वतःबरोबर एका दाटीच्या खोलीत घुसवलं होतं, चोरून.

"दिवसा कोण असतं त्याच्याजवळ?"

"कोण असणार? भायेरनं कुलूप लावून जातो. तांब्याभर पाणी ठिवतो."

जिभेला हाड नसलेली मी आता एकेक शब्द तोलत होते. शेवटी विचारलं, "मी काय करू, सर्जेराव?"

"काय करू नका, बाई," तो शांतपणे म्हणाला. "एवढं ऐका आता."

आवाजात राग नव्हता. असता तर मी निदान माफी तरी मागितली असती.